डिंगी घेताय? आधी उचलून पाहा

जयगडच्या खाडीत नांगर टाकून झालाय, शीड गुंडाळून झालंय, धक्का तीनशे मीटरवर समोर दिसतोय. तिथे चहा आहे, पिण्याचं पाणी आहे, ताजी मासळी आहे. मधल्या तीनशे मीटरसाठी जी छोटी होडी लागते, ती डिंगी. मुंबई ते गोवा या सगळ्या किनाऱ्यावर सव्वीस-अठ्ठावीस फुटी शिडाच्या बोटीला धक्क्याला लावून रात्रभर निवांत ठेवता येईल अशा जागा जवळजवळ नाहीत. कोचीला बोलगट्टीची मरीना आहे, पण तिथवर जाणारे आपल्यातले थोडेच. आपण दिघी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांत नांगरावरच राहतो. कोकणबोटीच्या काळात प्रवासी भर पाण्यात बोटीतून पडावात उतरून बंदराला लागत. आपलं आजही तसंच आहे, फक्त पडाव आपला आपण न्यायचा.

आम्ही तिघे मित्र मिळून एक सत्तावीस फुटी बोट चालवतो. डिंगीवर आमचे जितके पैसे चुकीच्या जागी गेले तितके बोटीच्या दुसऱ्या कशावरही गेले नाहीत. म्हणून हा हिशेब मांडतो आहे. खाली दिलेले भाव कर आणि वाहतूक धरून केलेला अंदाज आहेत. आयातीच्या मालाचे भाव डॉलरबरोबर हलतात, तेव्हा घेताना ताजं कोटेशन घ्याच. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी आणि क्रीडा नौकांवर जीएसटी ४० टक्के झाला आहे. त्यामुळे दुकानदाराने फोनवर सांगितलेला आकडा कर धरून आहे की सोडून, हा पहिला प्रश्न.

मात्र भावाच्याही आधी वजन विचारा. दोन माणसांना, हलत्या डेकवर, कंबर न दुखवता उचलता येईल ती डिंगी आपली. जी उचलवत नाही ती बोटीवर बांधलेलीच राहते. मग माणसं ती मागे ओढत नेतात किंवा घरीच ठेवतात, आणि दोन्हींत पैसे वाया जातात. माझ्या मते सव्वीस-अठ्ठावीस फुटी बोटीसाठी तीस किलो ही शेवटची मर्यादा.

मुळात लागते का?

गेटवेसमोर बोट नांगरून रविवारी मांडव्यापर्यंत जाऊन संध्याकाळी परत येत असाल, आणि क्लबची किंवा भाड्याची लाँच तुम्हाला बोटीवर सोडत असेल, तर डिंगी घेऊ नका. कोकणात वर्षातून एखादीच फेरी होत असेल तर गावातल्या मच्छीमाराला हाक मारूनही भागतं. एका फेरीचे दोनशे ते पाचशे रुपये तो घेतो आणि ते वाजवी आहेत. आठ रात्रींच्या सफरीत येण्याजाण्याचे पाच-सहा हजार होतील. फक्त त्याची होडी बाजूला लागताना तुमच्या बोटीचा रंग जाऊ नये म्हणून फेंडर आधीच खाली सोडून ठेवा.

पण डिंगी ही नुसती रिक्षा नाही. रात्री वारा फिरला आणि नांगर घसरू लागला तर दुसरा नांगर लांब नेऊन टाकायला तीच लागते. ओहोटीत गाळावर बसलात तर दोर किनाऱ्याला नेऊन बांधायला तीच. त्या वेळी कोणाला फोन करणार? वर्षाला दोनपेक्षा जास्त वेळा मुंबईच्या बंदराबाहेर रात्र काढत असाल तर डिंगी हवीच.

काय घ्यावं

सगळ्यात स्वस्त पडते ती फायबरची छोटी, चपट्या नाकाची होडी. सात ते आठ फूट लांब, वजन साधारण तीस किलो. कोकणात आणि गोव्यात फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आहेत. साचा असेल तर चाळीस ते साठ हजारांत काम होतं. वजन मात्र आधी ठरवून, लिहून घ्या. मासेमारीच्या होड्या करायची सवय असलेला हात फायबरचे थर सढळ घालतो आणि होडी पन्नास किलोंची होऊन बसते. मुलं शिकतात ती ऑप्टिमिस्ट ही शिडाची होडी अनेकांनी पाहिली असेल. तिचा नुसता सांगाडा नियमाप्रमाणे किमान पस्तीस किलोंचा असतो. ती दोघांनी उचलून पाहिलीत की तीस किलो म्हणजे काय याचा अंदाज हाताला येतो. फायबरची होडी वल्ह्यांनी सरळ चालते, उन्हाला भीत नाही, खडकावर घासली तरी ओरखड्यावर भागतं. तिची अडचण एकच : ती घडी होत नाही.

दुसरी हवा भरायची. पीव्हीसीची, फळ्यांच्या तळाची २.३ मीटरची डिंगी सत्तर हजार ते एक लाखात येते. वजन वीस-पंचवीस किलो, गुंडाळली की कॉकपिटच्या लॉकरमध्ये जाते. हवेच्या तळाची २.७ मीटरची घेतली तर एक लाख ते दीड लाख, आणि वजन तिशीच्या घरात. तिसरी हायपलॉनची, अडीच लाखांच्या पुढे. हायपलॉन हे रबरासारखं जाड कापड, उन्हात पीव्हीसीपेक्षा खूप जास्त टिकतं. ॲल्युमिनियमचा कडक तळ असलेली घेतलीत तर तीन ते साडेचार लाख आणि वजन चाळीस किलो. ती छत्तीस-चाळीस फुटी बोटीला शोभते, आपल्या बोटीला नव्हे.

ऊन ही आपल्याकडची मोठी बाब आहे. पीव्हीसीची शिवण आपल्या उन्हात तीन ते पाच वर्षांत सुटायला लागते. आमची पहिली डिंगी चौथ्या मोसमात गेली. विकणाऱ्याने दहा वर्षं सांगितली होती. हायपलॉन दहा-बारा वर्षं जातं. म्हणजे सव्वा लाखाची पीव्हीसी पाच वर्षांत संपली तर वर्षाला पंचवीस हजार, आणि अडीच लाखांची हायपलॉन बारा वर्षं गेली तर वर्षाला एकवीस हजारांच्या आसपास. महाग वाटते तीच स्वस्त पडते. अट अशी की बोट तुमच्याकडे तितकी वर्षं राहणार असेल. दोन-तीन वर्षांत बोट विकायचा विचार असेल तर पीव्हीसी घ्या आणि तिला कापडाचं आवरण शिवून घ्या. ताडपत्री आणि गाडीची कव्हरं शिवणारा कारागीर सहा ते दहा हजारांत नळ्यांवर बसतील अशी आवरणं शिवून देतो. तेवढ्या खर्चात एक-दोन मोसम वाढतात.

वल्ही आधी, मशीन नंतर

दाभोळला एका म्हाताऱ्या तांडेलाने आमच्या डिंगीत वाकून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "वल्ही हायत ना? यंत्राचा काय भरवसा." तेव्हा आमच्याकडे डिंगीबरोबर आलेली, दोन तुकड्यांची ॲल्युमिनियमची आखूड वल्ही होती. पंधरा नॉटच्या वाऱ्याविरुद्ध ती पाण्यात नुसती फडफडतात. वल्हं तुमच्या डिंगीच्या रुंदीच्या दीडपट तरी लांब हवं. चांगली लाकडी जोडी सुताराकडून पाच-सात हजारांत होते. मी सांगेन, मशीनला पैसे काढण्याआधी हे सात हजार काढा.

मशीन म्हणजे अडीच अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड. लाख ते दीड लाख. यात सुझुकीचं डीएफ २.५ साडेतेरा किलोंचं आहे आणि होंडाचं बीएफ २.३ हवेने थंड होणारं, जवळपास तेवढ्याच वजनाचं. साडेतीन अश्वशक्तीचं तोहात्सू अठरा किलोंच्या पुढे जातं. कागदावर फरक पाच किलोंचा, पण हलत्या डिंगीत उभं राहून ते वर द्यायचं असतं तेव्हा तो फरक फार मोठा असतो. सहा अश्वशक्तीचं पंचवीस किलोंच्या आसपास जातं. घेऊच नका. २.३ मीटरच्या डिंगीला ते नुसतं मागून बुडवतं.

पेट्रोलबद्दल एक सांगायलाच हवं. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर मशीनमध्ये पेट्रोल राहिलं तर ऑक्टोबरात कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर मिळतो आणि मेकॅनिकचे तीन-चार हजार ठरलेले. शेवटच्या फेरीत टाकीचा कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरचा तळाचा स्क्रू सोडून उरलेलं काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

विजेचं मशीन हवं असेल तर ई-प्रोपल्शनचं स्पिरिट किंवा टॉर्कीडोचं ट्रॅव्हल इथवर आणायला अडीच ते साडेतीन लाख लागतील. पेट्रोलचा डबा नाही, आवाज नाही, आणि बॅटरी सुटी होत असल्याने दोन हलके तुकडे दोन वेळा उचलता येतात. स्पिरिटची बॅटरी पाण्यात तरंगते, हे मोठंच सुख. बोटीवर सौर पॅनेल आणि चार्जिंगची नीट सोय असेल तरच विचार करा.

ठेवायची कुठे

सत्तावीस फुटी बोटीच्या पुढच्या डेकवर डोलकाठीपासून नांगराच्या खणापर्यंत दोन मीटरच्या आसपास जागा असते. आधी टेप घेऊन मोजा. फायबरची होडी पालथी बसत असेल तर तिच्याखाली हॅच उघडतो का, जिबचे दोर तिच्या कडेला अडकतात का, हे बंदरात उभे असतानाच बघा. हवेची डिंगी पूर्ण फुगलेली बसत नाही, पण पुढच्या कप्प्याची हवा सोडून नाक आत दुमडलं की बसते, आणि मुक्कामी पोचल्यावर फक्त तेवढाच कप्पा भरावा लागतो. संपूर्ण डिंगी पायपंपाने भरायला एप्रिलच्या उन्हात पंधरा मिनिटं जातात आणि माणूस घामाने निथळतो. बारा व्होल्टचा पंप चार ते आठ हजारांत येतो. तो घ्या, फक्त शेवटचा दाब हाताने द्या.

बोटीच्या मागे डिंगी टांगायचे डॅव्हिट सत्तावीस फुटी बोटीला मला मान्य नाहीत. लाख-दीड लाख खर्चून शेपटीच्या टोकाला पन्नास किलो टांगायचे, आणि आपल्याकडे मोसमात दुपारनंतर वायव्येचे खारे वारे सुटतात, दक्षिणेला जाताना लाट मागूनच येते. तिने एकदा टांगलेली डिंगी भरली की खांबच वाकतात.

ओढून न्यायची असेल तर पहाटेच्या मतलई वाऱ्यात, सपाट पाण्यात, दोन-चार तास. मशीन, टाकी, वल्ही काढून घ्या. दोर दोन बांधा, वेगवेगळ्या कड्यांना. दोर तरंगता हवा, म्हणजे वेग कमी झाल्यावर तो पंख्यात जात नाही. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात तो किलोवर मिळतो, वीस मीटरला काही शेच रुपये. अर्धा नॉट वेग जातो, तो हिशेबात धरा. वारा पंधराच्या वर गेला की डिंगी उलटी होऊन भोवऱ्यासारखी फिरते, आणि मग ती सोडवणं धोक्याचं असतं. दुपार व्हायच्या आत वर घ्या.

पाण्यात सोडताना

हाताने कठड्यावरून ढकलू नका. जादा हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा सुटा दोर, डिंगीला तीन बिंदूंवर बांधलेल्या लगामाला अडकवा. एकाने विंच फिरवायची, दुसऱ्याने डिंगी अंगापासून लांब धरायची. लगाम घरीच दोराचा करता येतो, हजार रुपयांच्या आत. पुढचा दोर बोटीला बांधल्याशिवाय डिंगी पाण्याला टेकता कामा नये.

मशीनचं मात्र जपून. दिघीला राजपुरीच्या खाडीत आमचं पहिलं मशीन गेलं. संध्याकाळची वेळ, ओहोटी जोरात, मी बोटीच्या मागच्या कठड्यावरून साडेतेरा किलो खाली देतोय आणि मित्र डिंगीत उभा राहून घेतोय. त्याच्या हातात आलं, त्याने ते फळीवर टेकवलं, दोन्ही स्क्रू अर्धे आवळले, आणि एका मचव्याची लाट आली. डिंगी तिरकी झाली, मशीन सरकलं आणि गढूळ पाण्यात आवाजही न करता गेलं. मित्रही त्याबरोबर गेला असता, कारण त्याने ते पकडायला हात घातला होता. त्या दिवसापासून मशीनच्या हँडलला दोर कायमचा बांधलेला असतो, दुसरं टोक बोटीला, आणि स्क्रू पूर्ण आवळून डिंगीला दुसरा दोर लागल्याशिवाय पहिला सुटत नाही. शिवाय बूमच्या टोकाला चार फेऱ्यांची कप्पी लावून मशीन खाली सोडतो. कप्पी आणि दोर मिळून पाच-सहा हजार. एक लाखाचं मशीन आणि एका माणसाचा जीव, दोन्ही त्यात सांभाळले जातात.

धक्का, कालवं आणि तिथी

आपल्या धक्क्यांच्या पायऱ्यांना आणि खांबांना कालवं चिकटलेली असतात. जवळून पाहा : प्रत्येक शिंपल्याची कड पातळ, वर उभी, ब्लेडसारखी. पायरीला घासत राहिलेल्या रबरी डिंगीला एका भरतीत वीतभर चीर जाते. पायरीशी बांधू नका. माणसं उतरवा आणि डिंगी मागून छोट्या नांगरावर लांब खेचून ठेवा. दोन किलोंचा घडीचा नांगर आणि वीस मीटर दोर, दोन हजारांच्या आत. भोक पडलंच तर ठिगळ कोरड्या दिवसांत लावा. दमट हवेत दोन भागांचा गोंद धरत नाही. पीव्हीसीचा आणि हायपलॉनचा गोंद वेगळा असतो, हेही दुकानात स्पष्ट सांगा.

मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरपर्यंत जातो, दक्षिणेकडे तो कमी होत गोव्यात दोन मीटरच्या आसपास येतो. चहाला म्हणून धक्क्यावर गेलात आणि दोन तासांनी परत आलात तर डिंगी गुडघाभर गाळात बसलेली दिसेल. कोकणातला जुना हिशेब लक्षात ठेवा : तिथीचे पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कॅलेंडर भिंतीवर असतं आणि फोनची रेंज खाडीत नसते. खाडीच्या तोंडाशी उधाणाच्या ओहोटीत पाणी दोन-तीन नॉटने बाहेर पळतं. वल्ह्यांवरची रबरी डिंगी फार तर दोन-अडीच नॉट जाते. तेव्हा भरतीच्या शेवटाला जा आणि पाणी थांबलेलं असतानाच परत निघा.

पुळणीवर लाटांतून उतरायचा मोह टाळा. पुळणीमागची वस्ती खाडीच्या बाजूनेही गाठता येते, थोडं चालावं लागतं एवढंच.

सर्वांत जास्त धोका रात्री जेवून परतताना असतो. अंधार, भरलेलं पोट, चार माणसं एका फेरीत, आणि जवळच तर आहे म्हणून जॅकेट बोटीवर राहिलेलं. फोमचं जॅकेट दीड ते तीन हजारांत येतं. माणशी एक, दर फेरीला, अंगात. मशीनचा बंद करायचा दोर मनगटाला. एक टॉर्च, एक शिट्टी, पाणी उपसायला दोरीने बांधलेला डबा. चढताना पाय मध्यभागी टाका आणि लगेच बसा. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. ओळखपत्र आणि बोटीच्या कागदांच्या प्रती पिशवीत ठेवा, डिंगीवर मोठ्या अक्षरांत बोटीचं नाव लिहा.

वर्षाचा हिशेब

सव्वा लाखाची पीव्हीसी पाच वर्षं धरली तर पंचवीस हजार, सव्वा लाखाचं मशीन दहा वर्षं धरलं तर साडेबारा हजार, मशीनची देखभाल पाच हजार, गोंद-आवरण-किरकोळ चार हजार, मोसमाला पंधरा लिटर पेट्रोलचे सोळाशे. वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास. आम्हा तिघांत वाटून सोळा हजार. याउलट साठ हजारांची फायबरची होडी पंधरा वर्षं टिकते, चांगली वल्ही आणि दरवर्षीची रंगरंगोटी धरूनही वर्षाला सात-आठ हजारांत बसते. डेकवर जागा असेल आणि मुक्काम किनाऱ्याजवळ असतील तर मी हीच घेईन. आमच्या डेकवर ती बसत नाही, म्हणून हायपलॉन घेतली, दुसऱ्या वेळी.

मे अखेरीला किनाऱ्यावरच्या होड्या शाकारल्या जातात, यांत्रिक बोटींची मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्याच आठवड्यात डिंगी गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, घड्यांत टाल्कम पावडर टाका आणि घरी, उंदरांपासून लांब, सैल गुंडाळून ठेवा. सप्टेंबरच्या अखेरीस बाहेर काढून पूर्ण फुगवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी जो कप्पा मऊ लागेल त्याच्या झडपेला आणि शिवणीला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जिथे येतील तिथे पेनने खूण करा. ठिगळ लावायला ऑक्टोबरातली कोरडी हवा मिळेल आणि पहिल्या सफरीच्या आत काम होईल.